छापील आकड्यांचा वैरी

छापलेल्या आकड्यावर आयुष्यात एकदाही विश्वास न ठेवलेला माणूस या पृथ्वीवर आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. उद्या पुण्यात कोणी त्यांचा पुतळा उभारला आणि चौथऱ्यावर पुतळ्याची उंची कोरली, तर मामा स्वतः शिडी घेऊन येतील, टेपचं टोक स्वतःच्याच डोक्यावर टेकवतील आणि ‘अडीच इंच जास्त कोरलंय’ असं कंत्राटदाराला सुनावून मगच हारासाठी मान वाकवतील. यात त्यांचा दोष नाही, धंद्याचा आहे. पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. तिथे कामगार यंत्राचे सुटे भाग बनवत, तपासनीस ते भाग मोजत, आणि तपासनिसांच्या हातातली मोजायची साधनं तरी बरोबर आहेत का, हे मामा मोजत. अशा खुर्चीवर तीस-एक वर्षं बसलेल्या माणसाला ‘अंदाजे’ हा शब्द शिवीसारखा लागतो. मंडईत कोणी ‘अंदाजे पाव किलो होईल बघा’ म्हणालं की मामा पिशवीची घडी घालून ती परत खिशात ठेवत आणि दुसऱ्या गाळ्याकडे वळत.

माझी त्यांची पहिली भेट झाली ती मुलगी बघायच्या कार्यक्रमात. पोह्यांच्या बशा फिरल्या, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून एक करडा आवाज आला, “आपण काय करता?” मी एका पंपांच्या कारखान्यात जाहिरात खात्यात होतो. माहितीपत्रकं लिहितो, असं मी जरा ऐटीतच सांगितलं. मामांनी बशी खाली ठेवली. “म्हणजे तो ताशी इतके हजार लिटरचा आकडा आपण लिहिता?” “हो.” “मोजला कोणी?” “कारखान्यातल्या इंजिनियरांनी.” “विहीर किती खोल होती?” मी गडबडलो. “विहीर नव्हती हो, टाकी होती. जमिनीवरच.” माझे वडील छताकडे बघू लागले. मामा आपल्या बहिणीकडे वळून म्हणाले, “मुलगा खरं बोलतो. लग्नाला हरकत नाही. पंप मात्र यांच्याकडचा घेऊ नकोस.” माझं लग्न अशा रीतीनं ठरलं, आणि सासऱ्यांनी पंप खरोखरच दुसऱ्या कंपनीचा घेतला.

पुढे जावई या नात्यानं मला मामांच्या मोजण्याचे अनेक प्रयोग जवळून बघायला मिळाले. घरात कोणाला ताप आला की तीन थर्मामीटर निघत, आणि तिन्ही वेगवेगळे आकडे दाखवत असल्यामुळे रुग्ण बरा होईपर्यंत ताप किती आहे हे ठरत नसे. वर्तमानपत्रात काल पुण्याचं तापमान एवढं होतं असं आलं की मामा फोन उचलत. “अहो, ते तुमच्या झाडीतल्या वेधशाळेत. मी कोथरूडला सिमेंटच्या गच्चीखाली राहतो. माझं छापा.” लग्नकार्यात ते हातात घड्याळ घेऊन मुहूर्ताच्या मिनिटाला बोहल्याशी उभे राहत; आमच्या नात्यातल्या एका गुरुजींनी तर ‘ते मामा येणार असतील तर मी नाही’ अशी अटच घातली होती. स्कूटर घेतली तेव्हा त्यांनी दवाखान्यातून सलाइनची रिकामी बाटली मागून आणली, तीत काटेकोर पाव लिटर पेट्रोल भरलं, बाटली हँडलला टांगली, नळी इंजिनाला जोडली आणि मागे मामींना बसवून कात्रजच्या बाजूला निघाले. पेट्रोल संपलं ते घाटाच्या पायथ्याशी. भर दुपारी स्कूटर ढकलत दोघं परत येताना स्वारगेटला मला भेटली. मामांचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. “कंपनी लिटरमागे चौदा किलोमीटरनं खोटं बोलते!” ते ओरडले. मामी पदरानं घाम पुसत म्हणाल्या, “आणि माणसाला परतही यायचं असतं, हे यांनी धरलंच नव्हतं.”

असा माणूस विमान बांधायला घेईल हे कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण ते दिवसच विचित्र होते. देशाची दारं नुकतीच उघडली होती, परदेशी माल बंदरात उतरू लागला होता, आणि मोठमोठे कारखाने जुन्या माणसांना हातात पैसे देऊन घरी पाठवत होते. मामांनीही स्वेच्छानिवृत्ती घेतली. बरोबरीच्या लोकांनी त्या पैशांत मुलांना संगणकाच्या कोर्सला घातलं, कोणी सज्जनगडाला जाऊन आले, एकानं लाकडी तेलाचा घाणा टाकला. मामांनी अमेरिकेतल्या एका माणसाकडून दोन माणसांच्या हलक्या विमानाचे नकाशे मागवले. अॅल्युमिनियमच्या नळ्या जोडायच्या, त्यांवर कापड ताणायचं, रोगण लावायचं, पुढे छोटं इंजिन बसवायचं, आणि उडायचं. तरुणपणी हडपसरला ग्लायडर उडवायला शिकल्यापासून ही हौस त्यांच्या पोटात होती. कारखान्यानं आणि संसारानं ती इतकी वर्षं झाकून ठेवली होती. मामींना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, “मागची सीट तुझी. माझ्या मागे पहिली तू बसायचीस. तोपर्यंत त्या सीटवर दुसरं कोणी बसणार नाही.” मामी म्हणाल्या, “आधी गॅसचा नंबर लावून या.”

नकाशांबरोबर चार पानी रंगीत माहितीपत्रक आलं होतं आणि तिथेच मामांचं खरं काम सुरू झालं. किती धावून उडतं, मिनिटाला किती चढतं, दोन माणसं घेऊन किती जातं, सगळे आकडे होते. मामांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं, कारण अशा पत्रकांच्या लबाड्या मला ठाऊक असणार अशी त्यांची खात्री होती. त्यांनी फोटोवर भिंग धरलं. “हा वैमानिक बघा. गालफडं बसलेली. याला दोन दिवस जेवायला दिलेलं नाही. मागची बाई त्याच्याहून बारीक. आणि जमिनीवर काय दिसतंय? बर्फ!” थंड हवा दाट असते, तिच्यावर पंख चांगला तरंगतो, आपलं पुणं आधीच समुद्रापासून उंचावर, त्यात उन्हाळ्याची हवा म्हणजे पाणी घातलेलं दूध, हे मामांनी मला तेव्हा समजावलं आणि पुढे दर भेटीत पुन्हा समजावलं. गरम हवेत इंजिनाचा जोर किती उतरतो याचे तक्ते त्यांनी स्वतःच्या हातानं काढून बैठकीच्या खोलीत लावले होते. आमच्याकडे लोक देवादिकांच्या तसबिरी लावतात, मामांकडे वाकड्या रेघांचे आलेख होते. नकाशे काढणाऱ्या त्या अमेरिकन गृहस्थाला ते पत्रामागून पत्र पाठवत. तुमचा धावण्याचा आकडा कुठल्या महिन्यातला? गवत होतं की डांबर? त्या दिवशी वैमानिकानं न्याहारी केली होती का? सुरुवातीला त्याची लांबलचक उत्तरं यायची. मग ती आखूड झाली. शेवटी एक ओळ आली: मित्रा, तू बांध, आणि काय होतं ते मलाच कळव. मामांना हा आपला विजय वाटला.

विमान कोथरूडच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आकार घेऊ लागलं. सांगाडा पार्किंगमध्ये होता, पण पंखांना धूळ चालत नसल्यामुळे ते बैठकीच्या खोलीत आले, आणि दरवाज्यापासून स्वयंपाकघरापर्यंतची जागा त्यांनी व्यापली. मामींनी सोफा विकला. पाहुणा आला की त्याला एका पंखाच्या खालून वाकून जावं लागे. कोणी विचारलं, हे काय हो, तर मामी शांतपणे सांगत, “यांना पंख फुटलेत. लावायचे बाकी आहेत.” चैत्रातलं हळदीकुंकू त्यांनी त्याच खोलीत केलं. बायकांनी मोगऱ्याच्या वासाबरोबर रोगणाचा वास घेतला आणि जाताना भिडेपोटी दोन्ही पंखांना हळदीकुंकू वाहिलं. मामा दुसऱ्या दिवशी ते पुसताना पुटपुटत होते, कारण त्या चिमटीभर कुंकवाचं वजन कुठे मांडावं हे त्यांना कळत नव्हतं. मामी वरवर कितीही टोमणे मारोत, कापड ताणायच्या दिवशी चारही टोकं त्यांच्याच हातात असत. शिलाईही त्यांचीच होती. “मशीन माझं, टाका माझा,” त्या म्हणायच्या, “पडलं तर माझ्या नावावर नको, म्हणून दुहेरी घातलाय.”

बटणं, तारा, छोटे मीटर असल्या गोष्टींसाठी मामा बुधवार पेठेत जायचे. तिथला एक दुकानदार त्यांना इतका ओळखून होता की मामा दिसले की तो मालाचा अख्खा खोका त्यांच्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचा, “मोजून घ्या साहेब, मी चहा घेऊन येतो.” चहा पिऊन तो परत येईपर्यंत मामांनी खोक्यातली निम्मी बटणं नापास केलेली असत. दुकानदारानं ती बाजूला काढून ठेवावीत आणि मामा गेल्यावर पुन्हा खोक्यात टाकावीत, असा तो व्यवहार वर्षानुवर्षं सुरळीत चालला.

सगळं जोडून झालं आणि विमानाचं रिकामं वजन करायची वेळ आली. पत्रकात ते छापलेलं होतंच, म्हणजे मामांच्या लेखी ते खोटं होतं. एवढा मोठा काटा मिळणार कुठे, तर मार्केट यार्डात. एका सकाळी पंख सोडवून, सांगाडा टेम्पोत घालून, मामा, मामी आणि मी गुलटेकडीला कांदा-बटाटा विभागात जाऊन पोचलो. आमची वरात गाळ्यासमोर थांबली तशी हमाल गोळा झाले. “काय माल हाय हो साहेब?” एकानं विचारलं. “विमान,” मामा म्हणाले. तो हमाल मुळीच चकित झाला नाही. “मंग भाव किलोनं हाय का नगावर?” आडत्यानं मात्र मोठ्या मनानं काटा मोकळा करून दिला. पंख, सांगाडा, इंजिन, चाकं एकेक करून चढवली गेली आणि पत्रकातल्यापेक्षा वजन बरंच जास्त भरलं. मामांना आकाश ठेंगणं झालं. खरं तर ही रडायची गोष्ट होती, कारण जितकं वजन जास्त तितकं उडणं कठीण. पण पत्रक खोटं ठरल्याच्या आनंदात त्यांनी हमालांना जिलबी वाटली. मग ते स्वतः काट्यावर उभे राहिले. मलाही उभं केलं, का ते कळलं नाही. तेवढ्यात तो मघाचा हमाल मामींना म्हणाला, “आत्या, तुमी बी या की वर. जोडीनं उडनार न्हवं?”

मामी फणकारल्या. “मी काय कांदा आहे?” आणि मग मामांकडे न बघता म्हणाल्या, “पंचावन्न धरा.”

मामींच्या प्रकृतीबद्दल जावयानं बोलू नये. एवढंच सांगतो, की मी मामांकडे बघितलं. बिस्किटाच्या पुड्याचं वजन करणारा माणूस, स्वतःच्या पुतळ्याला टेप लावायला निघेल असा माणूस! मामांनी खिशातून पेन काढलं, मुकाट्यानं पंचावन्न लिहिलं आणि पेन परत खिशात ठेवलं.

पुढे दिल्लीहून परवानगी यायला इतका काळ लागला, की तेवढ्यात शेजारचा मुलगा संगणक शिकून अमेरिकेला गेला, परत आला, कंटाळला आणि पुन्हा गेला. दरम्यान मामांनी परगावच्या क्लबात महिनोन्महिने राहून वैमानिकाचा परवाना काढला. धावपट्टीसाठी वाघोलीच्या पुढे दौलतराव नावाच्या शेतकऱ्याचं मुरमाड शेत मिळालं. ते पडीकच होतं, कारण आजूबाजूला कॉलेजं आणि इमारती उठू लागल्या होत्या आणि जमीन पेरण्यापेक्षा राखून ठेवण्यात शहाणपण होतं. मामा एकटे पहिल्यांदा उडाले त्या दिवशी मी तिथे होतो. पांढरं विमान लाल मुरमावरून धावलं, उचललं, आणि इतकं सहज वर गेलं की मला हसूच फुटलं. दौलतराव तर टाळ्या वाजवत मागे धावत सुटले. मामा उतरले ते तोंड भरून हसत. “चढण्याचा आकडा पाचवा हिस्सा खोटा!” हे त्यांचं विमानातून उतरल्यावरचं पहिलं वाक्य. पुढचे कित्येक आठवडे ते एकटेच उडत होते, मोजत होते, मागच्या सीटवर कोणालाही बसू देत नव्हते. मी दोनदा विचारून बघितलं. “ती जागा तिची आहे,” ते म्हणाले. “आधी एकट्याचे आकडे पक्के होऊ देत.”

आकडे पक्के झाले तेव्हा दसरा तोंडावर आला होता. मामांच्या मनात होतं की पहाटे, हवा गार असताना मामींना न्यावं. पण मामींनी एवढी वर्षं काही मागितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, दसरा आहे, विजयमुहूर्तावर उडायचं. विजयमुहूर्त दुपारचा. ऑक्टोबरचं ऊन पुण्यात कसं असतं ते मी सांगायला नको. आणि दसरा म्हटल्यावर नातेवाईक आले, त्यांच्यासाठी श्रीखंड-पुरीचे डबे आले, दौलतरावांच्या गोठ्यात पंगत बसली आणि मामांनीही आग्रहाला बळी पडून दोनदा श्रीखंड घेतलं. विमानाला झेंडूचे हार घातले गेले, नारळ फुटला. मग मामी आल्या. जन्मभर साडी नेसलेल्या त्या बाईनं निळा पंजाबी ड्रेस घातला होता, डोक्याला रुमाल बांधला होता. तो ड्रेस त्यांनी परवानगीचा अर्ज दिल्लीला गेला त्याच महिन्यात शिवून ट्रंकेत ठेवला होता, हे मला नंतर बायकोकडून कळलं. मामींचं त्या सीटवर किती मन आहे हे मला त्या ड्रेसकडे बघताना समजलं.

चाकं कुठे जमीन सोडतील तिथे मामांनी आदल्या दिवशी चुन्याची रेघ मारून ठेवली होती. विमान धावू लागलं. रेघ आली. रेघ गेली. चाकं जमिनीवरच. पट्टीच्या टोकाला बाभळींची रांग होती, ती आता विमानाकडे धावत येतेय असं वाटायला लागलं. इंजिनाचा आवाज एकदम खाली आला, धुरळा उडाला आणि विमान बाभळींच्या अलीकडे थांबलं. आम्ही धापा टाकत पोचलो तर मामी तशाच सरळ बसलेल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. मग गर्दीतून कोणीतरी हलकेच म्हणालं, “डबल सीट झेपत नाही वाटतं,” आणि एक खिदळणं ऐकू आलं. सगळ्यांची नजर मामींकडे गेली. मामींची मान खाली झाली.

मामा उतरले. त्यांनी गॉगल काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “माझा आकडा चुकला. गरम हवेत इंजिनाचा दम कमी पडतो. हे मी धरायलाच विसरलो.”

ज्या माणसाच्या बैठकीत गरम हवेचे तक्ते टांगलेले होते, ज्यानं मला ते दूध-पाण्याचं उदाहरण शंभर वेळा ऐकवलं होतं, तो हे म्हणत होता. आयुष्यात ‘माझा आकडा चुकला’ असं त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो आणि मला या माणसाबद्दल माया दाटून आली. घरी गेल्यावर मामींनी ड्रेस घडी करून ट्रंकेत ठेवला आणि म्हणाल्या, “आता मला नाही बसायचं. तुम्ही उडवा खुशाल.”

मामा उडवेनात. दिवाळी गेली, विमान दौलतरावांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिलं. दौलतरावांनी निरोप धाडला, “साहेब, काय उडवायचं ते संक्रांतीपतूर उडवा. मंग बिल्डर कंपाउंड घालनार हाय. मी सही करून बसलोय.” मी मामांना म्हटलं, निदान तुम्ही तरी उडून घ्या, नाहीतर मला न्या. ते पार्किंगमध्ये स्टुलावर बसून एकच स्क्रू पुन्हा पुन्हा पुसत होते. “तिच्याशिवाय काय मोजायचंय आता,” ते म्हणाले.

हे बोलणं चाललं असतानाच मामी बाहेर आल्या. सुटे भाग तोलायला मामांनी एक सपाट काटा घेतला होता, तो भिंतीशी पडला होता. मामींनी चपला काढल्या आणि त्या काट्यावर उभ्या राहिल्या. “वाचा,” त्या मामांना म्हणाल्या. मामांनी डोळे किलकिले केले. “चष्मा नाही माझ्याजवळ.” चष्मा त्यांच्या नाकावर होता. मामी माझ्याकडे वळल्या. “जावईबापू, तुम्ही वाचा.” मी वाकलो, आकडा बघितला, आणि पंपांची माहितीपत्रकं लिहिण्याचा सगळा अनुभव पणाला लावून म्हणालो, “पंचावन्नच्या आसपास आहे.” मामा ‘आसपास’ या शब्दाला काय म्हणतात हे मला माहीत होतं. मामा म्हणाले, “चालेल.”

“दोघेही खोटारडे,” मामी म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः वाकून आकडा वाचला आणि मोठ्यानं सांगितला. तो मी इथे छापणार नाही. “आता करा हिशेब,” त्या म्हणाल्या. “आणि पुन्हा माझ्यासाठी चारचौघांत खोटं बोलू नका. तुम्हाला ते जमत नाही.” मामांनी मान हलवली आणि चष्मा काढून पुसायला घेतला. बराच वेळ ते पुसतच राहिले.

मग जो हिशेब सुरू झाला त्यात मामांनी विमानातून काय काय काढलं! बॅटरी आणि तिच्यावर चालणारा स्टार्टर काढला, इंजिन दोरी ओढून चालू करायचं ठरवलं. टाकीत पाव भागच पेट्रोल. स्वतःच्या सीटची गादी काढली. मामींच्या गादीला हात लावला नाही. संध्याकाळची भजी बंद केली, भात सोडला, आणि महिन्याभरात त्यांची गालफडं त्या पत्रकातल्या वैमानिकासारखी दिसायला लागली. मी भीत भीत म्हटलं, आता पौष लागतोय, मामींना चालेल का? मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या, “पौषात हवा जड असते ना? मग पौषातच.”

संक्रांतीच्या आधीची ती सकाळ इतकी गार होती की दौलतरावांच्या बोलण्याची वाफ दिसत होती. नातेवाईकांना कळवलेलंच नव्हतं. निळा ड्रेस होता, त्यावर मामांचा जुना स्वेटर घालायला मामींनीच ‘वजन वाढेल’ म्हणून नकार दिला आणि त्या तशाच कुडकुडत बसल्या. मामांनी दोरी ओढली, तिसऱ्या हिसक्याला इंजिन लागलं. विमान धावलं. चुन्याची नवी रेघ आली, आणि रेघेच्या थोडं पुढे चाकांखाली उजेड दिसला. बाभळींच्या शेंड्यांवरून ते गेलं तेव्हा दौलतराव आणि मी एकमेकांचे हात धरून उड्या मारत होतो, दोघंही म्हातारे होऊ घातलेले बाप्ये. ते नगर रस्त्याच्या वरून वळलं, दगडखाणींवरून गेलं, कॉलेजच्या नव्या इमारतीला वळसा घालून परत आलं, आणि मग पुन्हा एक वळसा, जो ठरलेला नव्हता.

उतरल्यावर मामींचा रुमाल गळ्यात आला होता, केस विस्कटले होते आणि त्या हसत होत्या, लहान मुलीसारख्या, थांबताच येत नसल्यासारख्या. मी पेन-कागद घेऊन मामांकडे धावलो. दोन माणसांचे आकडे घ्यायचे हे माझ्याकडे सोपवलेलं काम होतं. किती धावलं? किती उंच गेलात? चढायला किती वेळ लागला? मामांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी भलत्याच भाषेत बोलतोय. “बघायचं राहिलं,” ते म्हणाले. “ही काहीतरी दाखवत होती खाली.”

त्या शेतावर आता चौदा मजली इमारती आहेत. विमान एका इंजिनियरिंग कॉलेजला दिलं, तिथे ते छताला टांगलंय. मामींनी मात्र ते उड्डाण सगळ्या गोतावळ्याला सांगितलं आणि अजून सांगतात. पहिल्या वर्षी ते हजार फूट होतं, आणि माझ्या मते ते खरं असावं. पुढे ते तीन हजार झालं. नातीच्या बारशाला आठ. मामा शेजारी बसून ऐकतात, एकदाही आकडा दुरुस्त करत नाहीत. गेल्या भाऊबीजेला नात्यातल्या एका मुलीचा होणारा नवरा आला होता, हिंजवडीला आयटीत असलेला. मामींनी त्याला पंधरा हजार फुटांवरून सिंहगड कसा दिसला ते सांगितलं. त्यानं फोन काढून बोटं फिरवली आणि नम्रपणे म्हणाला, “सॉरी हां आजी, पण नेटवर या विमानाची मॅक्सिमम हाइट बाराच हजार दिलीय.”

मामांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. हात थरथरतो, उठायला काठी लागते. ते खुर्चीत ताठ झाले. “दिलीय कोणी?”

“कंपनीनंच, आजोबा.”

“छापील आकडा आहे तो,” मामा म्हणाले. “त्यांच्या विमानात ही बसली नव्हती.”

मामींनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. त्या पुढचं सांगत होत्या, ढगांतून जाताना हात बाहेर काढला तर कसा ओला झाला ते. मामा त्यांच्याकडे बघत होते. त्या सकाळी वाघोलीच्या आभाळात ढग नव्हता, हे सांगू शकणारा त्या खोलीत मामांखेरीज मी एकटाच होतो. मीही ऐकत बसलो.